वीज कंपनीचा ‘गोपनीय’ करार मागताना: महाराष्ट्रातील माहिती अधिकार सेवेचे परीक्षण

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून जोडपत्र ‘अ’ हा माहिती अधिकाराचा अर्ज भरला की महाराष्ट्रातील कोणताही नागरिक सार्वजनिक प्राधिकरणाचे कागद मागू शकतो. ऑनलाइन अर्जाची सोय असलेल्या कार्यालयांच्या बाबतीत तर घराबाहेर पडण्याचीही गरज राहिलेली नाही. साध्या कामांसाठी, म्हणजे एखाद्या तक्रारीवर झालेली कार्यवाही, रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका किंवा सभेचे इतिवृत्त मिळवण्यासाठी, ही सेवा उत्तम आहे असे मी निःसंकोचपणे सांगेन. मात्र वीज किंवा पाणी पुरवणाऱ्या सार्वजनिक संस्थेने खासगी कंपनीशी केलेला करार मागितला, की तीच सेवा अचानक अवघड होते. या परीक्षणाचा विषय तेवढाच आहे, कारण आपल्या मासिक बिलातील रकमेचा उगम बहुतेक वेळा अशाच एखाद्या करारात असतो.

एका सार्वजनिक वितरण कंपनीने मीटर बसवण्याचे आणि त्यांच्या देखभालीचे काम खासगी कंत्राटदाराला दिले होते. त्या कराराची प्रत, प्रति मीटर दर आणि विलंबासाठीच्या दंडाच्या अटी मी मागितल्या. मुदतीत उत्तर आले, पण ते एका वाक्याचे होते: माहिती वाणिज्यिक गोपनीयतेची असल्याने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८ (१) (घ) नुसार देता येत नाही. कोणत्या कागदामुळे कोणाचे काय नुकसान होईल, याचा त्यात उल्लेख नव्हता. अनेक अर्जदार असे उत्तर वाचून थांबतात आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा दोष इथेच आहे, कारण कलमाचा आकडा पाहिला की नकार कायदेशीरच असणार असे वाटू लागते.

प्रत्यक्षात ते कलम इतके सैल नाही. वाणिज्यिक विश्वासाची बाब, व्यापारी गुपिते किंवा बौद्धिक संपदा एवढे शब्द उच्चारून काम भागत नाही. ती माहिती उघड केल्याने त्रयस्थ पक्षाच्या, म्हणजे इथे कंत्राटदाराच्या, स्पर्धात्मक स्थानाला हानी पोहोचेल, हे दाखवावे लागते. आणि हानी पोहोचणार असली तरी व्यापक लोकहितासाठी ती उघड करणे आवश्यक आहे अशी सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री झाली, तर ती देता येते. अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे त्रयस्थ पक्षात सार्वजनिक प्राधिकरणाचाही समावेश होतो, त्यामुळे वितरण कंपनी स्वतःच्या स्पर्धात्मक स्थानाचा मुद्दा मांडू शकते. पण ज्या भागात ग्राहकाला दुसरा पुरवठादारच नाही, तिथे ही स्पर्धा नेमकी कोणाशी, हा प्रश्न प्रत्येक अर्जदाराने विचारला पाहिजे. मुंबईच्या उपनगरांत दोन कंपन्यांचे जाळे एकाच परिसरात आहे, तिथे उत्तर वेगळे असू शकेल. राज्याच्या बहुतांश भागात ते तसे नाही.

कंत्राटदाराची बाजू मी क्षुल्लक मानत नाही. निविदा उघडण्याआधी एका बोलीदाराचा दर दुसऱ्याला कळला तर निविदेला अर्थच उरणार नाही, आणि मीटरमधील सॉफ्टवेअरची रचना किंवा ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षेची व्यवस्था जगजाहीर करावी असेही कोणी म्हणणार नाही. परंतु काम बहाल झाल्यानंतर मंजूर दर हा सार्वजनिक पैशाच्या खर्चाचा तपशील होतो. झारखंड उच्च न्यायालयाने २००७ साली, निविदेचा निर्णय झाल्यानंतर बोलीदारांची कागदपत्रे या कलमाआड रोखता येत नाहीत, अशीच भूमिका घेतली होती.

महाराष्ट्राला तर या गोपनीयतेची किंमत चांगलीच ठाऊक आहे. राज्य वीज मंडळ आणि एन्रॉनप्रणीत दाभोळ पॉवर कंपनी यांच्यातील वीज खरेदी करार ८ डिसेंबर १९९३ रोजी झाला, तेव्हा माहिती अधिकाराचा कायदा नव्हता आणि कराराचा मजकूर सुरुवातीला सामान्य ग्राहकाच्या हाती आला नाही. डॉलरशी बांधलेले दर, वीज घेतली नाही तरी द्यावा लागणारा स्थिर आकार आणि त्यामागची सरकारी हमी या अटींची चर्चा करार झाल्यावर, वादातून आणि न्यायालयीन लढायांतून झाली. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज मिळू लागली आणि दोनच वर्षांत, मे २००१ मध्ये, मंडळाने करार रद्द केला. त्या अटी स्वाक्षरीआधी लोकांनी वाचल्या असत्या तर काय झाले असते हे सांगता येत नाही, पण त्या वाचण्याचा हक्क त्यांना असायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कलम ८ (३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या बाबींना वाणिज्यिक गोपनीयतेचे कवच उरत नाही. पण वीस वर्षांनी कळलेला दर बिल भरणाऱ्याच्या काय उपयोगाचा?

नकारानंतर मी जोडपत्र ‘ब’ मध्ये, वीस रुपयांच्या स्टँपसह, प्रथम अपील केले. या टप्प्यावर सेवा मला सर्वांत चांगली वाटली. नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९ (५) प्रमाणे तो नकार देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यावर असते, अर्जदारावर नाही, आणि कलम १० नुसार दस्तऐवजातील, उघड करण्यापासून सूट असलेला भाग वगळून उरलेला द्यावा लागतो. मी सुनावणीत एवढेच दोन मुद्दे धरून ठेवले. सॉफ्टवेअरविषयीची परिशिष्टे झाकून दर, दंड आणि मुदतीची कलमे द्यावीत, असा आदेश झाला. दोन रुपये प्रति पान या दराने प्रती मिळाल्या. अपिलीय अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि आदेशात कारणे लिहिली, याची नोंद करणे मला आवश्यक वाटते, कारण पहिल्या उत्तरात नेमकी तीच कारणे नव्हती.

अर्ज करणाऱ्यांनी राज्याच्या नियमांतील एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा लक्षात ठेवावी. ‘कराराची संपूर्ण फाइल’ असे लिहिण्यापेक्षा दरपत्रक, दंडाची कलमे, मुदतवाढीचे आदेश असे नेमके लिहिणे आणि सोबत अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी मागणे श्रेयस्कर आहे. पहिला तास विनामूल्य असतो. कंत्राटदाराने गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करण्याचा विचार असेल तर कलम ११ नुसार अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत त्याला नोटीस द्यावी लागते, त्याला म्हणणे मांडण्यास दहा दिवस मिळतात आणि निर्णयाची मुदत तीसऐवजी चाळीस दिवसांची होते. कंत्राटदाराचा आक्षेप म्हणजे नकाराधिकार नव्हे. त्याचे ऐकून निर्णय अधिकाऱ्यानेच करायचा असतो. नोटीस पाठवली होती का आणि त्याने काय कळवले, हेही अपिलात जरूर विचारावे.

विजेच्या बाबतीत आणखी एक दार आहे आणि ते आधी ठोठवावे, असे माझे मत झाले आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ८६ (३) ने राज्य नियामक आयोगावर कामकाजात पारदर्शकता राखण्याचे बंधन घातले आहे. दरवाढीच्या याचिका प्रसिद्ध होतात, त्यांवर लेखी सूचना व हरकती घेतल्या जातात आणि जाहीर सुनावण्या होतात. याचिकेसोबतच्या तक्त्यांत वीज खरेदीचा स्रोतनिहाय खर्च सापडतो, ज्यासाठी स्वतंत्र माहिती अर्जाची गरजच पडत नाही. पाणीपुरवठ्याला असा सर्वसामान्य ग्राहकाला खुला असलेला मंच नाही. नागपूरसारख्या शहरात २०१२ पासून पाणीपुरवठ्याचे संचालन खासगी कंपनीकडे आहे; अशा ठिकाणी करार वाचायचा तर बहुतांशी माहिती अधिकारावरच भिस्त ठेवावी लागते.

प्रथम अपिलातही नकार मिळाला तर मात्र या सेवेची शिफारस करताना हात आखडतो. द्वितीय अपिलासाठी नव्वद दिवसांची मुदत अर्जदारावर आहे, पण ते निकाली काढण्यासाठी राज्य माहिती आयोगावर अशी कोणतीही मुदत कायद्याने घातलेली नाही, आणि महाराष्ट्रात प्रलंबित प्रकरणांची संख्या अलीकडच्या वर्षांत एक लाखाच्या वर गेली होती. दुष्ट हेतूने दिलेल्या नकारासाठी दिवसाला अडीचशे, कमाल पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे खरी, परंतु सुनावणीच दूर असेल तर तिचा धाक राहत नाही. म्हणून ज्यांना एखाद्या दरवाढीच्या सुनावणीत करारातील आकडे मांडायचे आहेत, त्यांनी याचिकेची वाट न पाहता किमान सहा महिने आधी अर्ज करावा आणि प्रथम अपिलाच्या सुनावणीला वकील नसला तरी स्वतः हजर राहावे.