रिव्हॉल्व्हरचं अ‍ॅक्शन वर्क: फोर्टमधला कारागीर

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीसाठीही परवाना लागतो, म्हणून पहिल्यांदा भिंतीवरचा परवाना पाहा. फोर्टमधल्या या कारागिराच्या दुकानात तो दर्शनी लावलेला आहे. शस्त्र ताब्यात घेताना मालकाचा परवाना आणि शस्त्राचा नंबर ताडून पोचपावती देतात.

अ‍ॅक्शन वर्क म्हणजे ट्रिगर-हॅमरची आतली यंत्रणा सुधारणं; इथे ते मुख्यतः .३२ बोअरच्या आयओएफ (सरकारी आयुध कारखान्यांच्या) रिव्हॉल्व्हरचं. डबल अ‍ॅक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत हॅमर मागे नेऊन सोडणारा, ट्रिगर जड आणि खरखरीत लागतो, ही नेहमीची तक्रार. स्वस्तातला उपाय म्हणजे मेनस्प्रिंग, म्हणजे हॅमरला जोर देणारी स्प्रिंग, कमजोर करणं. त्याने ट्रिगर हलका होतो खरा, पण हॅमरचा मार कमी पडतो, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) नुसता उथळ खळगा उमटतो आणि काडतूस फुटत नाही. हा कारागीर स्प्रिंगला हात लावत नाही. हॅमर, ट्रिगर आणि सिअर (हॅमर अडवून धरणारा भाग) जिथे घासतात तेवढ्याच जागा बारीक दगडाने गुळगुळीत करतो, तेही बेताने. वरचा कडक थर निघाला की आतलं मऊ पोलाद झिजतं आणि मग भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

परत घेताना स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घालून ट्रिगर सावकाश ओढा. हॅमर सुटण्याआधी सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) लॉक झालाच पाहिजे, सहाही घरांवर. सिलिंडर आणि बॅरलमधली फट साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर. रिव्हॉल्व्हर जिथे मोडून उघडतं त्या बिजागरीपाशी किंवा वरच्या लॅचला (खटक्याला) खेळ असेल तर ट्रिगर कितीही मऊ होवो, काम अर्धवटच.

हात उत्तम, पण तारखा पाळण्याच्या बाबतीत आनंदच. दर आधी लेखी घ्या.