आजीची नजर: पीओव्हीची वेगळी ओळ की साधे क्रियावर्णन?

इंदूरच्या सराफ्यातील एका माडीच्या खिडकीशी बसलेली आजी रात्री खाली गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) गाडीपाशी उभा असलेला नातू पाहते, एवढेच पटकथेत लिहायचे आहे. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिल्या रीतीत दृश्याच्या मधोमध ‘आजीचा पीओव्ही – गराडूची गाडी’ अशी स्वतंत्र ओळ टाकतात (पीओव्ही म्हणजे ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’, पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे चित्र), नातू काय करतो ते तिच्याखाली लिहितात आणि ‘पुन्हा माडीवर’ अशी नोंद करून मूळ दृश्यात परततात. ही नोंद राहून गेली, तर पुढचे सगळे आजीच्याच नजरेतून चालले आहे असे वाचणारा धरून चालतो. दुसऱ्या रीतीत क्रियावर्णनच पुरते: ‘आजी खिडकीतून डोकावते. खाली नातू द्रोणातला गराडू कुणापुढे तरी धरतो आहे.’ कॅमेऱ्याचे नाव न घेताही नजर आजीची ठरते, कारण आधी तिने डोकावलेले असते.

निर्मात्याला वाचायला द्यायच्या खर्ड्यात मला दुसरी रीत सरस वाटते. पहिली मी राखून ठेवतो ती नजरेतच काही वेगळे असेल तेव्हासाठी. उदाहरणार्थ, चष्मा न सापडल्यामुळे आजीला गाडीवरचा दिवा पसरट दिसतो आणि नातवाशेजारची मुलगी दिसतच नाही.

चित्रीकरणाच्या प्रतीत मात्र हिशेब बदलतो. माडी दुसऱ्याच एखाद्या वाड्यात आणि गाडी प्रत्यक्ष सराफ्यात चित्रित होणार असेल, तर ‘बाह्य. सराफा – रात्र’ हे स्वतंत्र, क्रमांकित दृश्य-शीर्षक हवेच. सहायक दिग्दर्शक वेळापत्रक त्या क्रमांकांवरून लावतो. क्रियावर्णनात दडलेल्या नातवाला त्या रात्री बोलावायचे राहून जाण्याचा धोका असतो.

दृश्य कधी बदलते, याचे उत्तर त्यामानाने सरळ आहे: जागा किंवा वेळ बदलली की नवे शीर्षक. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या चालतात आणि रात्री त्याच मिटलेल्या शटरांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. जागा एकच, तरी दृश्ये दोन. आजी माडीवरून जिना उतरून थेट रस्त्यावर आली, तर नव्या शीर्षकात वेळेच्या जागी ‘सलग’ लिहावे. तिने नातवाला फोन लावला, तर दोन्ही ठिकाणे एकेकदा मांडून ‘इंटरकट’ (दोन्हींकडे आलटूनपालटून) म्हणावे, म्हणजे प्रत्येक वाक्यागणिक शीर्षक द्यावे लागत नाही.

शीर्षके वाढली की पानेही वाढतात. पण एक पान म्हणजे सुमारे एक मिनिट हा ठोकताळा 12 पॉइंटच्या कुरिअर टंकातील इंग्रजी पानावर बेतलेला असल्यामुळे देवनागरी प्रतीची लांबी घड्याळ लावून, मोठ्याने वाचूनच मोजावी.