एक ठिपका की दोन? स्क्वॉशच्या चेंडूचा सात महिन्यांचा अनुभव

परवा माझा एक पिवळ्या ठिपक्याचा चेंडू सांध्यावर फुटला. (स्क्वॉशच्या चेंडूवरचे ठिपके तो किती उसळतो ते सांगतात: एकाचा जास्त, दोनाचा कमी.) जानेवारीत घेतला होता, त्यामुळे पैसे वसूल झाले. त्याआधीचा दोन ठिपक्यांचा मात्र दोन महिन्यांत गुळगुळीत होऊन भिंतीवरून घसरायला लागला होता. दुकानदाराने "वापरलेला माल" म्हणून हात झटकले. ते पैसे गेले ते गेलेच, आणि त्याचा राग अजून आहे.

स्पर्धेत दोन ठिपक्यांचाच वापरतात, म्हणून मीही हट्टाने तोच घेतला होता. पण इंदूरच्या थंडीत, रात्री आठला, आमच्या चार-पाच फटक्यांच्या रॅलीत तो तापायचाच नाही, आणि तापल्याशिवाय तो उसळत नाही. मुठीत धरला तर गार खडा. असा चेंडू कुठूनही ड्रॉप केला, म्हणजे पुढच्या भिंतीवर हळूच खाली मारला, की पुढच्या भिंतीपाशी जागीच मरतो आणि गुण मिळतो. मला वाटायचं, माझा ड्रॉप सुधारला.

रामबागेतले काका माझ्याशी नेहमी खेळतात. त्यांच्या सांगण्यावरून एक ठिपक्याचा आणला. पहिले पंधरा दिवस मी वैतागलो होतो. चेंडू उसळून उभा राहायचा, काका चालत येऊन तो मागच्या कोपऱ्यात घालायचे. एकदा टी-वर, म्हणजे कोर्टाच्या मध्यावर रेषा मिळतात तिथे, थांबून म्हणाले, "अरे, मी टी-वर उभा असताना मागून ड्रॉप कशाला? आधी मला तिथून हलव."

खरंच आहे. कोर्ट ९.७५ मीटर लांब. मागच्या कोपऱ्यातून मारलेल्या ड्रॉपला एवढं अंतर कापून पुढच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या ४८ सेंटिमीटर उंच पट्टीच्या, म्हणजे टिनच्या, वर लागायचं असतं. जरा वर गेला की समोरच्याला आयता. त्यापेक्षा बाजूच्या भिंतीला घासत जाणारा सरळ ड्राइव्ह मारायचा, दुसरा टप्पा मागच्या भिंतीजवळ पडेल असा, आणि लगेच टी गाठायची. काका कोपऱ्यात वाकले, परतीचा फटका आखूड पडला आणि मी त्यांच्या पुढे असलो, तरच ड्रॉप. एवढा एक नियम अंगी बाणायला मला तीन महिने लागले.

तेव्हा मी सगळ्यांना एक ठिपक्याचाच घ्या म्हणत होतो. मे महिन्यात मत बदललं. उकाड्यात तो इतका उसळायला लागला की चांगली लेंग्थही (मागपर्यंत खोल मारलेला फटका) मागच्या भिंतीवरून परत यायची. मग दोन ठिपक्यांचा काढला, आणि आता रॅली लांबल्यामुळे तो तापलेला राहायला लागला.

तेव्हा उन्हाळ्यात दोन, थंडीत एक. दिवाळीनंतरच्या गारठ्यासाठी एक ठिपक्याचा नवा आजच आणला, दुसऱ्या दुकानातून.