बलेनोचे फॅक्टरी अलॉय (कंपनीनेच बसवलेली मिश्रधातूची चाकं) रिफिनिश करून घेतले, पावसाळा काढून झाला, आता लिहितो

आधी निकाल सांगून टाकतो, घाईत असाल तर एवढंच वाचा. काम टिकलंय, पैसे वसूल. पण तो मूळचा डायमंड कट चकाचक लूक परत आणायच्या नादाला मी लागलो नाही, सरळ चारही चाकांना सिल्व्हर पेंट मारून घेतला आणि आजतरी तेच बरोबर वाटतंय.

गाडी बलेनो अल्फा, टायर १९५/५५ आर१६, म्हणजे रबराची भिंत तशी बुटकी, पुण्यात फुटपाथला लावून गाडी उभी करायची म्हटलं की टायरच्या आधी रिमची कडा घासते. घासलेलं दिसायला घाण दिसतं पण खरी कटकट वेगळीच. या डायमंड कट चाकांचा जो चमकता भाग असतो ना, तो पेंट नसतो, लेथवर कापलेलं उघडं ॲल्युमिनियम असतं आणि वर फक्त पारदर्शक लॅकर. कापलेल्या धारेवर लॅकर पातळच बसतो, तिथे एकदा तडा गेला की पाणी आत शिरतं, आणि मग भिंतीवर वाळवी चढावी तशा पांढऱ्या रेघा लॅकरच्या खालून सरकत जातात. माझ्या डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना हेच झालेलं, वरून कितीही पुसा, डाग आतमध्ये. नखाने उचकटलं तर लॅकरचा पापुद्राच हातात. त्यात आमचं वर्षातनं चारदा कुंभार्ली घाटातून रत्नागिरी, खारी हवा आली की अजून जोर.

बरेच जण सांगतात ब्रासो मार, ऑटोसोल मार, चमकेल. मारून बघा, पण आधी फडक्याकडे बघा. घासल्यावर फडकं काळं पडलं तर हाताखाली उघडं ॲल्युमिनियम आहे, पॉलिश काम करणार. काळं पडलं नाही तर तुम्ही नुसता लॅकर घासताय, कितीही दम काढा धातूपर्यंत काही पोचत नाही. फॅक्टरी अलॉय बहुतेक सगळे लॅकरवाले किंवा पेंटवालेच असतात, त्यामुळे पॉलिश म्हणजे आधी लॅकर उतरवा, मग ४०० पासून २००० ग्रिटपर्यंत, म्हणजे जाड ते बारीक, पाण्याचा पेपर, मग बफिंग, मग पॉलिश.

आमच्या दाजींनी रत्नागिरीत हेच करून घेतलंय. वर लॅकर नाही, उघडं मिरर पॉलिश. करून आणलं त्या दिवशी खरंच नजर हटत नव्हती. पण समुद्राजवळ उघडं ॲल्युमिनियम, आठवडाभर हात लावला नाही की धुरकट. दाजी दर रविवारी स्टूल टाकून चार चाकं घासत बसतात, त्यांना ते आवडतं, ताई वैतागते. मला ते जमणार नाही हे मला माहीत होतं.

परत डायमंड कट करायचा पर्याय होता, पण त्यात दरवेळी धातूचा थर जातो, म्हणजे दोन-तीनदाच्या पुढे चाक कापायला उरत नाही, आणि मुळात तीच पातळ धार आणि तोच लॅकर, रोग परत येणारच. पावडर कोट टणक असतो हे मान्य, पण तो भट्टीत १८०-२०० डिग्रीला भाजतात आणि अलॉयची ताकद हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते, पुन्हा पुन्हा तापवणं मला पटलं नाही. शिवाय टवका उडाला तर टचअप नीट होत नाही. म्हणून जुना थर पूर्ण उतरवून प्रायमर, सिल्व्हर बेस आणि वर टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक लॅकर. टायर काढ-घाल आणि बॅलन्सिंग धरून बारा हजारांच्या आसपास गेले.

एका गोष्टीसाठी त्या कारागिराला मानलं. चाक जिथे हबला टेकतं ती मागची सपाट जागा आणि नटांची शंकूसारखी टोकं बसतात त्या खाचा त्याने टेप लावून कोऱ्या ठेवल्या. तिथे पेंटचा जाड थर राहिला तर नट आवळल्यावर तो दबतो आणि नट ढिले पडतात. तुम्ही कुठेही करा, हे विचाराच, आणि शंभरेक किलोमीटर चालवून नट परत टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) तपासा. माझं एक चाक आतल्या बाजूला खड्ड्याने वाकलेलं निघालं, ते आधी सरळ केलं आणि मग पेंट. तडा असता तर वेल्डिंग न करता सरळ नवीन घेतलं असतं, तिथे काटकसर नको.

आता पावसाळ्यानंतरची अवस्था. तीन चाकं एकदम स्वच्छ, पांढरी रेघ कुठेच नाही. चौथं बिघडवलं ते एका अलाइनमेंटवाल्याने. बॅलन्सिंगला कडेवर ठोकायचं क्लिपवालं वजन लावलं, मी चहाला गेलो तेवढ्यात हातोडी चालली. तिथे टवका उडाला आणि दिवाळीपर्यंत बरोबर त्याच जागी पांढरा ठिपका. आतून चिकटवायचं वजन मिळतं, तेच लावायला सांगा आणि समोर उभे राहा. नट काढायला गन लावली तर सॉकेटने नटाच्या खळग्याच्या भिंतीवरचा पेंटही खरवडतो, माझ्या एका चाकाला हलके ओरखडे आहेत, बाहेरून दिसत नाहीत.

धुताना साधा कार शॅम्पू आणि मऊ ब्रश, बास. वॉशिंग सेंटरवर चाकांना ॲसिड मारतात, ब्रेकची धूळ झटक्यात निघते खरी पण क्लिअरची वाट लागते, मी चाकांना हातच लावू देत नाही. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर पाणीही नको.

तुमचे टायर वर्षभरात बदलायचेच असतील तर हे काम तोवर थांबवा, टायर काढ-घाल आणि बॅलन्सिंगचे पैसे दोनदा जाणार नाहीत. आणि नव्या पेंटच्या कडेवर टायरवाल्याची टॉमी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) चालणार नाही, ते वेगळंच.