दीवला भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन जाताय? डिपॉझिट देण्याआधी हे वाचा

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय, कारण सुट्ट्या लागल्या की निम्मं बडोदं दीवला निघतं आणि आता त्यात भाड्याच्या कॅरॅव्हॅनचं नवीन सुरू झालंय. आमचे २०,००० रुपये डिपॉझिट गाडी भाड्याने देणाऱ्या माणसाने दाबून ठेवलेत, आणि हे त्याने आधीपासून ठरवूनच केलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, हॉटेलचे जिने नकोत म्हणून टॉयलेट, किचन, झोपायची सोय सगळं असलेली गाडी बघितली. भाडं आणि डिपॉझिट दोन्ही आधीच यूपीआयने घेतलं. गाडी संध्याकाळी उजेडात देणार होता ती रात्री साडेदहाला मांजलपूरला आणली, रस्त्यावर अंधार, आणि लगेच "बेन, बधु बराबर छे, सही करी दो". मी मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागले तर म्हणे मी काढलाय, पाठवतो. तो व्हिडिओ आजपर्यंत आलेला नाही. नंबरप्लेट पांढरी होती, विचारलं तर म्हणाला कोणी अडवलं तर मामाची गाडी आहे सांगायचं! अहो म्हणाले असं असेल तर पैसे परत द्या, तर सरळ म्हणाला आता कॅन्सल केलंत तर एक रुपया मिळणार नाही.

ही पाटी नीट समजून घ्या. आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो त्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, ड्रायव्हरसकट येणारी टॅक्सी असेल तर पिवळी पाटी आणि काळी अक्षरं. पांढरी म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने द्यायची नसतेच, आणि तशी देऊन काही अपघात झाला तर इन्शुरन्सवाले क्लेम नाकारू शकतात. घरच्या सगळ्यांना त्यात बसवून वटामण, भावनगर, महुवा, उना करत एवढ्या लांब न्यायचं म्हणजे काय जोखीम आहे विचार करा. पैसे भरायच्या आधी गाडीचा नंबर मागा आणि एमपरिवहन ॲपवर टाका, गाडी खाजगी का कमर्शियल, इन्शुरन्स कधीपर्यंत, सगळं दिसतं. नंबर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याला तिथेच नमस्कार करा.

दीवला नागोआ बीचवर जागा बुक आहे, लाईटचा पॉइंट आहे असं सांगितलं होतं. तिथे कोणाला काही माहीतच नाही, बुकिंग नाही, पॉइंट नाही, फोन करतोय तर हा उचलत नाही. शेवटी एका गेस्टहाऊसवाल्याने अंगणात गाडी लावू दिली आणि वायर दिली म्हणून रात्र निघाली, भला माणूस. बॅटरीवर रात्रभर एसी चालेल हेही खोटं. आत बॅटरी १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची, म्हणजे पूर्ण भरलेली असली तरी पावणेदोन युनिटच्या आसपास, आणि एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो, मग हिशोब तुम्हीच करा. परत येताना चेकनाक्यावर दारूसाठी कपाटं उघडून बघितली, ते ठीकच आहे, पण कागद मागितले असते तर आम्ही काय दाखवणार होतो?

आता डिपॉझिटचं. गाडी परत दिली तेव्हा तो टॉर्च घेऊन थेट मागच्या उजव्या चाकाशी जाऊन वाकला, बाकी कुठे बघितलंसुद्धा नाही. तिथे वीतभर ओरखडा. म्हणे नवीन आहे, २०,००० चं काम आहे. ओरखड्यात गंज होता, मी बोट फिरवून दाखवला, तर म्हणतो समुद्राची हवा आहे बेन, एका रात्रीत गंज धरतो. पण गंजाच्या कडेला जुना सिल्व्हर स्प्रे मारलेला स्पष्ट दिसत होता, तो काय समुद्राने मारला? घरी येऊन बुकिंगच्या वेळी त्यानेच व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो मोठे करून बघितले तर तोच ओरखडा, त्याच जागी. त्याला पाठवल्यावर आधी गप्प, मग ब्लॉक.

पैसे गेलेत ते खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहे, म्हणून स्क्रीनशॉट, ट्रान्झॅक्शन नंबर, फोटो, चॅट सगळं जपून ठेवलंय. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार केली, आता वकिलाची नोटीस पाठवलीय. आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात केस करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्यामुळे एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडणार म्हणून सोडू नका, ते त्याच्यावरच जगतात. नोटीस मिळाल्यावर दुसऱ्या नंबरवरून मेसेज आला, ८,००० घ्या आणि मिटवा. आम्ही पूर्ण रक्कम मागितलीय. चाकाजवळच्या ओरखड्यावरून अजून कोणाचं डिपॉझिट कापलं असेल तर तुमचे फोटो आणि पावत्या मला पाठवा, दोन-तीन तक्रारी एकत्र गेल्या तर आयोगापुढे त्याला नवीन ओरखडा म्हणता येणार नाही.