चार पोरं, दोन जागा: पॅकर्सच्या रिसीव्हरांतून कुणाला ठेवायचं?

अमेरिकन फुटबॉलची कीपर लीग (खऱ्या खेळाडूंचा कागदावर संघ बांधून त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवायचा फँटसी खेळ, ज्यात काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात) खेळणाऱ्यांना दर वर्षी एकदा हा पेच पडतो. गेल्या हंगामातले दोन रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. खेळणारा बे एरियातला इंजिनिअर असो की रविवारी रात्री साडेदहाला पुण्यात लॅपटॉप उघडून बसणारा, बोट शेवटी यार्डांच्या, म्हणजे झेल घेऊन किती पुढे सरकला त्याच्या, रकान्यावरच जातं. ज्याचे यार्ड जास्त तो ठेवला, मोकळे झालो. तरुण रिसीव्हरच्या बाबतीत या रकान्याइतका फसवा रकाना दुसरा नसेल. हे नीट बघायचं तर माझ्या मते २०२४ चा हंगाम संपल्यावरचा ग्रीन बे पॅकर्सचा संघ घ्यावा. चार रिसीव्हर, सगळे तेवीस ते पंचवीस वर्षांचे, आणि चौघांना चेंडू देणारा मुख्य क्वार्टरबॅक एकच, जॉर्डन लव्ह.

ही चौकडी जमली कशी, ते थोडक्यात. मार्च २०२२ मध्ये पॅकर्सनी अनुभवी रिसीव्हर डेव्हान्टे अ‍ॅडम्सला रेडर्सकडे पाठवलं. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने कॉलेजमधले खेळाडू निवडायचा कार्यक्रम) ख्रिश्चन वॉटसन (दुसरी फेरी, ३४ वा) आणि रोमिओ डॉब्स (चौथी फेरी, १३२ वा) आले. पुढच्या वर्षी जेडन रीड (दुसरी फेरी, ५० वा) आणि डोंटेव्हियन विक्स (पाचवी फेरी, १५९ वा). तोवर जुना क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्सही जेट्सकडे गेला होता. घरातली मोठी माणसं गेली आणि पोरांनीच संसार मांडला, असा सगळा प्रकार. त्यामुळे तुलना तशी स्वच्छ होते. कुणाच्या सावलीत कोण वाढला, हा हिशोब करावा लागत नाही.

आधी कोरडे आकडे. (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण.)

| खेळाडू | २०२३: सामने / झेल / यार्ड / टचडाउन | २०२४: सामने / झेल / यार्ड / टचडाउन |
|---|---|---|
| वॉटसन | ९ / २८ / ४२२ / ५ | १५ / २९ / ६२० / २ |
| डॉब्स | १७ / ५९ / ६७४ / ८ | १३ / ४६ / ६०१ / ४ |
| रीड | १६ / ६४ / ७९३ / ८ | १७ / ५५ / ८५७ / ६ |
| विक्स | १५ / ३९ / ५८१ / ४ | १७ / ३९ / ४१५ / ५ |

दोन्ही वर्षांत हजार यार्ड कुणाचेच नाहीत. इतर संघांत हजार म्हणजे 'हा पहिल्या क्रमांकाचा' असा शिक्का. पण प्रशिक्षक मॅट लाफ्लर यांच्या पद्धतीत चेंडू ठरावीक माणसाकडे जात नाही, जो मोकळा सापडेल त्याच्याकडे जातो. क्रिकेटमध्ये एखाद्या संघाचे सात जण पस्तीस-पस्तीस करतात आणि सामना जिंकतात, पण शतक कुणाच्याच नावावर लागत नाही, तसं. म्हणून इथे बेरजेला फारसा अर्थ नाही. संधी किती मिळाली आणि तिचं काय केलं, हे बघावं लागतं.

ते रीड आणि विक्स यांच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. २०२४ मध्ये रीडच्या दिशेने ७५ पास टाकले गेले, विक्सच्या दिशेने ७६. संधी जवळजवळ सारखी. रीडने त्यातून ५५ झेल आणि ८५७ यार्ड काढले, विक्सने ३९ झेल आणि ४१५ यार्ड. यार्ड निम्म्याहूनही कमी! एवढं वाचून बहुतेक जण विक्सचं नाव खोडतील. मीही एकदा खोडलं होतं. मग त्याच्या सामन्यांच्या चित्रफिती परत लावून बघितल्या, चेंडूकडे न बघता फक्त त्याच्या पायांकडे बघत.

विक्स वेगवान नाही. चाळीस यार्ड धावायला त्याला ४.६२ सेकंद लागतात, आणि रिसीव्हरसाठी हा आकडा संथच. तरी तो सुटतो. कसा? खो-खोत पळणारा गडी खांद्याने एकीकडे हूल देतो आणि पाय दुसरीकडे टाकतो, तसा. बचाव करणारा कॉर्नरबॅक एक पाऊल चुकीच्या दिशेने टाकतो आणि तेवढ्यात विक्स दोन यार्ड मोकळा. ही कला शिकवून फारशी येत नाही. त्याचं दुखणं पुढचं आहे: चेंडू हातात येतो आणि सुटतो. २०२४ मध्ये हे इतक्यांदा झालं की बघणाऱ्याचा जीव खालीवर व्हायचा. तरीही तरुण खेळाडू पारखताना सुटलेल्या झेलांना मी दुसरा नंबर देतो आणि मोकळं होण्याला पहिला. झेल एका वर्षी सुटतात, पुढच्या वर्षी टिकतात. ज्याला मोकळंच होता येत नाही, त्याचे हात कितीही चिकट असले तरी त्याच्याकडे चेंडू येणारच नाही.

रीडच्या आकड्यांनाही एक अस्तर आहे. तो ५ फूट ११ इंचांचा, चपळ, आणि बहुतेक वेळा स्लॉटमध्ये, म्हणजे कडेला न राहता आतल्या बाजूला उभा असतो. तिथे कडेच्या रिसीव्हरसारखा समोरचा गडी छातीला छाती लावून अडवायला येत नाही. सुरुवातीची चार पावलं सुखाची. म्हणून त्याचं श्रेय कमी होत नाही. पदार्पणाच्या वर्षातल्या ६४ झेलांनी त्याने स्टर्लिंग शार्पचा १९८८ पासूनचा पॅकर्सचा नवोदितांचा ५५ झेलांचा विक्रम मोडला. २०२४ च्या पहिल्याच सामन्यात, साओ पाउलोमध्ये ईगल्सविरुद्ध, त्याने ७० यार्डांचा टचडाउन झेलला आणि चेंडू हातात घेऊन धावत ३३ यार्डांचा आणखी एक केला. रिसीव्हर असून तो धावपटूचंही काम करतो, हे फँटसीवाल्यांसाठी सोनं आहे. एक खडा मात्र दाताखाली येतो. मैदानावर दोनच रिसीव्हर ठेवायची मांडणी आली की रीड बरेचदा बाहेर बसतो. संघ त्याला लाडका मानतो, पण प्रत्येक चालीत हवाच असा नाही. झेल सोडण्यात तोही त्या वर्षी मागे नव्हता. विक्स बदनाम झाला, रीड निभावून गेला, एवढाच फरक.

आता वॉटसन. सगळ्यात अवघड हाच, म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहितो.

६ फूट ४ इंच, चौऱ्याण्णव किलोच्या आसपास, आणि चाळीस यार्ड ४.३६ सेकंदांत. एवढ्या उंचीचा माणूस इतका पळत नाही, हा पळतो. नॉर्थ डकोटा स्टेट हे त्याचं कॉलेज दुय्यम गटातलं आणि धावत चेंडू पुढे नेण्यावर भर देणारं, त्यामुळे तो आला तेव्हा कच्चा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये मिनियापोलिसला पॅकर्सच्या पहिल्याच चालीवर त्याच्या हातात ७५ यार्डांचा टचडाउन आयता आला आणि त्याने तो टाकला. दोन महिन्यांनी काउबॉइजविरुद्ध त्याने एका सामन्यात तीन टचडाउन केले. तिथून सलग चार सामन्यांत आठ. मग दुखण्यांचा फेरा. मांडीमागचा स्नायू पुन्हा पुन्हा धरायचा. २०२३ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध दोन टचडाउन केले, त्याच सामन्यात स्नायू गेला आणि साखळीतले उरलेले सगळे सामने हुकले. पुढे मॅडिसनच्या विद्यापीठात तपासण्या झाल्या, दोन पायांच्या ताकदीतला फरक सापडला, त्यावर मेहनत घेतली आणि २०२४ मध्ये तो १५ सामने खेळला. पंधराव्यात, ५ जानेवारी २०२५ ला बेअर्सविरुद्ध, गुडघ्याचा एसीएल (सांध्याच्या आतला अस्थिबंध) तुटला. नशीब म्हणतात ते असं.

२०२४ मधले त्याचे झेल फक्त २९. पण दर झेलामागे २१.४ यार्ड. रीडचे १५.६, डॉब्सचे १३.१, विक्सचे १०.६. तरी हा आकडाही माझ्या दृष्टीने मुख्य नाही. वॉटसन मैदानावर असला की समोरच्या संघाचा सेफ्टी (सगळ्यात मागे राखण करणारा बचावपटू) मागेच थांबतो. तो पुढे आला तर डोक्यावरून चेंडू जाईल, ही धास्ती. सेफ्टी मागे राहिला की मधली जागा रिकामी होते आणि त्या जागेत रीड आणि टाइट एंड (अडवणं आणि पास झेलणं दोन्ही करणारा गडी) टकर क्राफ्ट धावत सुटतात. म्हणजे रीडच्या खात्यातले काही यार्ड खरं तर वॉटसनने कमावलेले, आणि कुठल्याच रकान्यात ते वॉटसनच्या नावावर लागत नाहीत.

वॉटसन जायबंदी झाल्यावर आठवड्याने फिलाडेल्फियात बाद फेरीचा सामना झाला. पॅकर्स २२-१० ने हरले. दहाच गुण! सगळं वॉटसनअभावी झालं असं म्हणणं खोटं ठरेल. लव्हने तीन इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेललेले पास) दिले आणि डॉब्सही डोक्याला मार लागून बाहेर गेला. पण बचाव किती निर्धास्तपणे पुढे सरकून उभा होता, ते ज्यांनी पाहिलं त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. थोड्याच दिवसांत धावपटू जोश जेकब्सने जाहीरपणे सांगून टाकलं, की संघाला पहिल्या क्रमांकाचा सिद्ध झालेला रिसीव्हर हवा.

डॉब्सबद्दल बोलायला कुणाला फारसा उत्साह नसतो, आणि तीच त्याची ओळख. तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), आठ यार्ड हवेत, कडेला एक जण अंगाला चिकटलेला, अशा वेळी लव्ह त्याच्याकडे बघतो. १४ जानेवारी २०२४ ला डॅलसमध्ये काउबॉइजना ४८-३२ ने हरवलं तेव्हा डॉब्सचे सहा झेल आणि १५१ यार्ड होते. मोठ्या सामन्यात कोण लपतो आणि कोण पुढे येतो हे तरुण खेळाडूत बघायचंच असतं, आणि डॉब्स लपत नाही. उणे बाजूला दोन गोष्टी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सराव चुकवल्याबद्दल संघाने त्याला एका सामन्यासाठी निलंबित केलं. परतला तेव्हा कार्डिनल्सविरुद्ध दोन टचडाउन केले, त्यामुळे ती गोष्ट मी फार ताणत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात डोक्याला दोनदा बसलेला मार मात्र मी गंभीरपणे घेतो. स्नायू शिवता येतो, डोकं नाही.

मग ठेवायचं कुणाला?

तुमची लीग फक्त पुढच्या, म्हणजे २०२५ च्या, एका वर्षापुरती असेल, तर रीड आणि डॉब्स. वॉटसन त्या हंगामाचा पहिला भाग गुडघ्यामुळे घरीच बसणार होता, आणि एका वर्षाच्या लीगमध्ये रिकामी जागा परवडत नाही. लीग अनेक वर्षांची असेल, तर मी रीड आणि वॉटसन म्हणेन आणि डॉब्सला जड मनाने सोडेन. झेलामागे गुण देणारी लीग असेल तर वॉटसनची किंमत आणखी उतरते, कारण तो समोरच्या संघाचं जे नुकसान करतो त्याचे गुण कुणी देत नाही. विक्सला कुणी शेवटच्या फेरीत उचललं तर हसू नका.

संघाच्या खुर्चीत बसून बघितलं तर उत्तर वेगळं येतं. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा. पाचव्या वर्षाचा हक्क फक्त पहिल्या फेरीतल्या खेळाडूंवर, आणि या चौघांत तसा एकही नाही. मूळ करारांप्रमाणे वॉटसन आणि डॉब्स २०२५ नंतर मोकळे होणार होते, रीड आणि विक्स २०२६ नंतर. मार्च २०२५ मध्ये बेंगल्सनी आपल्या रिसीव्हरला, जमार चेसला, चार वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर दिले, तेव्हापासून रिसीव्हरांचा बाजारभाव काय झालाय हे वेगळं सांगायला नको. पॅकर्सचे जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकुन्स्ट यांच्या जागी मी असतो, तर रीडची घाई केली नसती, विक्सला स्वस्तात खेळू दिलं असतं आणि वॉटसनशी छोटा करार केला असता. लांबचा केला तर त्याच्या मांडीवर जुगार, आणि सोडला तर त्याच्या वेगाची बदली आणायची कुठून?

संघाने आधी बदलीच शोधली. एप्रिल २०२५ मध्ये खुद्द ग्रीन बेमध्ये भरलेल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत २३ व्या क्रमांकावर मॅथ्यू गोल्डन घेतला. जेव्हॉन वॉकरनंतर, म्हणजे २००२ नंतर, पॅकर्सनी पहिल्या फेरीत घेतलेला हा पहिला रिसीव्हर. चाळीस यार्ड ४.२९ सेकंदांत. सप्टेंबरमध्ये वॉटसनचा करारही एका वर्षाने वाढवला, गुडघा अजून बरा होत असतानाच.

माझ्या यादीचं काय झालं? मी ज्याला सगळ्यात सुरक्षित म्हणत होतो त्या रीडचं गळपट्टीचं हाड २०२५ च्या दुसऱ्याच सामन्यात मोडलं. आणि ज्याला जड मनाने सोडायला सांगतोय, त्या डॉब्सने २८ सप्टेंबरला डॅलसमध्ये ४०-४० अशा बरोबरीत सुटलेल्या सामन्यात तीन टचडाउन केले. अनेक वर्षांच्या लीगमध्ये मी अजूनही रीड आणि वॉटसनच ठेवेन, पण त्या रात्री फोन मी उलटा करून ठेवला होता.