बचत गट की मायक्रोफायनान्स?

दोन्हीकडे बहुतेक बायकाच, दोन्हीकडे तारणाशिवाय कर्ज. पण पैसा फिरतो वेगळा. बचत गटात १० ते २० जणी दरमहा ठरलेली रक्कम टाकतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. व्याज गटाकडेच परत येतं. आधी कुणाला द्यायचं हे बैठकीत ठरतं. पेरणी लांबली तर हप्ताही पुढे ढकलता येतो. १९९२मध्ये नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेने असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, म्हणून मोठं कर्जही मिळतं. मात्र आधी काही महिने नेटाने बचत हवी.

मायक्रोफायनान्स म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या. त्यांचे पैसे लवकर हातात पडतात, पण व्याज कंपनीकडे जातं आणि एकीचा हप्ता चुकला की तिला जामीन राहिलेल्या बाकीच्यांवर दबाव येतो. दवाखान्याची घाई असेल तर मी समजू शकते. शेळी घ्यायची असेल तर गटच धरा. करडं विकायला येईपर्यंत थांबायची तयारी तिथेच असते.